नदीकाठी प्लॉट घेताय? आधी एक चर मारा

मार्च महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, तीन गुंठं बघून ठेवलंय. नदी पाचशे मीटर लांब हाय, मधी डांबरी रस्ता हाय. पाणी यायचा सवालच न्हाई."

मी विचारलं, "वढा कुठं हाय?"

"मागं हाय की. पण कोरडा ठणठणीत."

मी म्हटलं, पैसे देऊ नगंस, मी येतो. येताना खोरं-टिकाव आणि गवंड्याची पाणसळ नळी घेऊन येतो.

माझा धंदा विटांचा. निपाणी तालुक्यात दूधगंगेकाठी चाळीस वर्षं भट्टी लावतोय. सरकारी पूरनकाशे मी बघितलेत, पण माझा जास्त भरवसा चरावर. चार फूट खाली गेलं की नदी कुठवर येऊन गेली ते माती स्वतः सांगते. हे मला ठाऊक होतं, तरी 2011 साली मी स्वतःचं घर चुकीच्या जागी बांधलं. त्याची गोष्ट पुढं येईल.

नदी आपली जमीन कशी घडवते, एवढं आधी डोक्यात बसवून घ्या. मग बाकीचं सोपं आहे.

सह्याद्रीवर पाऊस लागला की दोन-चार दिवसांत आपल्याकडं तांबडं पाणी येतं. तो तांबडेपणा म्हणजे डोंगरावरची धुपलेली माती. पात्रात असेपर्यंत पाण्याला जोर असतो, त्यामुळं वाळू, पोयटा, चिकण माती सगळंच वाहत राहतं. पाणी काठावरून बाहेर पडलं की पसरतं आणि त्याचा जोर मोडतो. जोर मोडला की जड माल पहिला खाली बसतो, म्हणजे वाळू अगदी काठालाच. थोडं पुढं पोयटा. आणि सगळ्यात बारीक चिकण माती लांब आत जाऊन, पाणी थिजून उभं राहतं तिथं, सावकाश बसते.

दर पुराला असं होत राहिलं की काठाची जमीन उंच होत जाते आणि तिच्या मागची जमीन सखल राहते. शहरातून आलेल्या माणसाला हे पटत नाही. त्याला वाटतं नदीपासून जितकं लांब जावं तितकी जमीन चढत जाणार. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची गावं हिंडून बघा. काठावर जरा उंचवटा, त्याच्या मागं लवण म्हणजे सखल पट्टा, त्या लवणातून वाहणारा ओढा, आणि त्याही पलीकडं खरं चढाचं मुरमाड रान. हा ओढा खाली कुठंतरी नदीला मिळतो. नदी चढली की ओढ्याचं पाणी बाहेर जायचं थांबतं, मग नदीच ओढ्याच्या तोंडातून उलटी आत शिरते. म्हणून आमच्याकडं पूर समोरून येत नाही, पाठीमागून येतो. तुम्ही नदीकडं तोंड करून पायऱ्या मोजत बसता आणि परड्यातल्या कोंबड्या ओरडायला लागतात.

वळणावर आणखी एक खेळ चालतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूची कड ढासळते आणि आतल्या बाजूला वाळूचं पोट वाढतं. बाहेरच्या वळणावरचं रान दरसाल थोडं थोडं नदीत जातं. कागदावर क्षेत्र तेवढंच राहतं, इथं मात्र बांधावरची करंज वाकून पाण्याला टेकलेली असते. असली जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आता चराचं काम. जागामालकाला विचारून करा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, तेव्हा माती खणण्याजोगी असते. दीड फूट रुंद, चार फूट खोल, माणूस बसेल एवढा लांब. कमरेपेक्षा खोल जाऊ नका. वाळूची कड न सांगता ढासळते, माझ्या भट्टीवर एकाचा पाय अडकून मोडला होता. एक बाजू खोऱ्यानं सरळ तासून घ्या, वर थोडं पाणी शिंपडा. ओली झाली की थर उठून दिसतात.

वरची फूटभर माती नांगरटीची, तिच्यात सगळं कालवलेलं असतं, ती सोडून द्या. खाली बघा. माती एकसारखी काळी आहे, खाली जाईल तसे मुरमाचे तुकडे वाढत जातात आणि मग मुरूमच लागतो, तर ती जागेवर तयार झालेली जमीन. दगडाचीच माती झालेली, नदीनं आणलेली नव्हे. दोन फुटांवर मुरूम लागला तर मी हसत चहा मागतो. चुनखडीचे पांढरे खडे जागोजाग लागले तरी बरं लक्षण, कारण ते तयार व्हायला फार काळ लागतो. म्हणजे त्या मातीवर अलीकडं कुणी नवी भर टाकलेली नाही.

पण तासलेल्या कडेला केकासारखे पट्टे दिसले, बोटभर वाळू, त्यावर वीतभर पोयटा, पुन्हा केसाएवढी वाळूची रेघ, तर ती नदीची वही समजा. वाळूची एकेक रेघ म्हणजे जोरानं पाणी आलेला एकेक पूर. बारके शंख-शिंपले लागले तर पाणी बराच वेळ उभं होतं. आणि माझा सगळ्यात आवडता पुरावा प्लास्टिक. हातभर पोयट्याच्या खाली गुटख्याची पुडी किंवा दुधाची पिशवी सापडली, तर वरचा सगळा हातभर गाळ ती पुडी पडल्यानंतरचा. त्याला कुठल्या तज्ज्ञाचा दाखला लागत नाही.

तळातली माती मूठभर घ्या, पाणी लावून मळा, वळी करा. वळी तुटली तर वाळूसर. वळी झाली पण वाकवताना भेगा पडल्या तर पोयटा. आम्ही विटांना हीच माती शोधतो, शेताला हीच सोन्यासारखी, आणि हीच नदीची हमरस्त्याची खूण. वळीची बांगडी झाली आणि कुठं चीरसुद्धा पडली नाही, तर ती चिकण माती. खाली मुरूम लागत नसेल तर ती बहुधा उभ्या पाण्यात बसलेली आहे, म्हणजे तुम्ही लवणात उभे आहात. असल्या मातीवर पूर नाही आला तरी घर सुखानं नांदत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला कोपऱ्यातून तिरकी चीर जाते.

आता माझी गोष्ट. 2005 च्या पुरात आमचं गावठाणातलं जुनं घर नदीकाठी असल्यानं आम्ही घाबरलो होतो. मुलं मोठी झाल्यावर मी ठरवलं, नदीपासून लांब जायचं. भट्टीच्या मागची जागा माझीच होती. तिथली माती मी स्वतः खणून बघितली होती आणि विटेला नको म्हणून सोडून दिली होती. का? तर बांगडी होत होती, वीट वाळताना तडकत होती. एवढं हाताला कळलेलं असताना मी तिथं दोन मजली घर बांधलं. आज्जी तेव्हा नव्वदीला टेकली होती. पायाभरणीला आली, ओढ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आरं, वड्याकडं पाठ करून बसतोस व्हय?" मला वाटलं म्हातारी वास्तुशास्त्राचं काहीतरी सांगतीय.

2019 च्या ऑगस्टात पाणी आलं ते ओढ्यातनं, रात्री, पाठीमागच्या दारानं. सकाळी खालच्या मजल्याच्या खिडकीच्या वरच्या चौकटीला लागलं होतं. आणि काठावरचं जुनं घर? दोन पायऱ्या बुडाल्या, सोपा म्हणजे ओसरी कोरडी. जुन्या माणसांनी गाव पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या उंच जागेवर बसवलं होतं, पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांच्या मातीनं ती पांढरी आणखी वर उचलली होती. सगळ्याच गावांच्या पांढऱ्या त्या साली वाचल्या असं नव्हे, कृष्णाकाठची कित्येक गावठाणं पाण्यात गेली. पण आमच्या गावात तरी नवीन वसाहत आधी बुडाली आणि जुनं गाव शेवटी.

तर दुसरं काम, पुराची खूण तुमच्या जागेवर आणून बघणं. याला पाणसळ नळी लागते. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तीच पारदर्शक नळी, वीस-तीस फुटांची. सोबत दोन सरळ काठ्या, त्यांच्यावर फूट-इंचाच्या खुणा.

आधी खूण शोधा. देवळाच्या भिंतीवर, शाळेच्या ओट्यावर, बाभळीच्या फांद्यांत अडकलेल्या चिपाडात ती सापडते. माणसांना "पाणी किती होतं?" असं विचारू नका, सगळे छातीवर हात ठेवतात. "मीटर बुडला का? देव्हारा भिजला का? गोठ्यातली गव्हाण दिसत होती का?" असं विचारा. वस्तू खोटं बोलत नाही. दोन घरांतली उत्तरं जुळली की ती खूण पक्की.

समजा देवळाच्या पायरीपासून 2019 ची खूण 3 फूट 2 इंचावर आहे. नळीत पाणी भरा, बुडबुडे सगळे काढा, एकही राहिला तर आकडा चुकतो. एक काठी पायरीवर, दुसरी नळी पुरेल तिथं पुढं जमिनीवर. दोन्ही टोकं काठ्यांना धरा, अंगठे काढा, पाणी थांबू द्या. मागच्या काठीवर पाणी 3 फूट 4 इंचावर आणि पुढच्या काठीवर 4 फूट 1 इंचावर दिसलं, तर पुढची जमीन 9 इंच खाली आहे. लिहून ठेवा. आता मागचा माणूस पुढं जाईल, पुढची काठी जागची हलवायची नाही. असं करत प्लॉटपर्यंत जा. उताराचे आकडे बेरजेत, चढाचे वजा. प्लॉट पायरीपेक्षा 4 फूट 5 इंच खाली निघाला, तर 2019 ला तिथं 7 फूट 7 इंच पाणी होतं. खात्रीसाठी परत मोजत देवळापर्यंत या, इंच-दोन इंचाचा फरक चालतो. मात्र शेजारच्या गावातली खूण आणून मोजू नका. पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट नसतं, नदीबरोबर त्यालाही उतार असतो.

कागदही बघायचेच, पण आमच्याकडं ते कन्नडमध्ये. वाचता येत नसलं तर येणाऱ्याला बरोबर घ्या. खरेदीखताच्या चतुःसीमेत "हळ्ळ" दिसला म्हणजे ओढा, "केरे" म्हणजे तळं. उताऱ्यावर खराबा लिहिलेला असतो, त्यात "अ" आणि "ब" असे दोन प्रकार. अ खराब म्हणजे पिकाला नालायक, पण मालकाचा. ब खराब म्हणजे ओढा, वाट असल्या सार्वजनिक कामाची जागा, ती कुणाला विकता येत नाही. प्लॉटिंगवाले ओढा बुजवून त्यावर दोन प्लॉट जास्तीचे काढतात तेव्हा हाच ब खराब गायब झालेला असतो. म्हणून जुना गावनकाशा आणि टिप्पण (जुन्या मोजणीची नोंद) काढून घ्या आणि नकाशावरचा ओढा जागेवर पायानं शोधा. शेताच्या नावावरही लक्ष ठेवा. मळी (नदीकाठचं गाळाचं रान), लवण, डोह, तळी असली नावं कुणी उगीच ठेवत नाही.

पूररेषेचं विचाराल तर, नदी ओलांडून महाराष्ट्रात गेलं की निळी आणि लाल रेषा ऐकायला मिळते. निळी ढोबळमानानं 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये अटी. पूरक्षेत्राची अशी आखणी करायचा नमुना कायदा केंद्रानं 1975 सालीच राज्यांकडं धाडला होता, पण तो मनावर घेणारी राज्यं हातावर मोजण्याएवढीच, आणि त्यांत ना महाराष्ट्र ना कर्नाटक. आणि "100 वर्षांतून एकदा" हा शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं लाल रेषेवरच्या घरात राहिलात तर चार माणसांत एकाला तो पूर बघावा लागणार. निळ्या रेषेवरच्या माणसाला तीस वर्षांत 25 वर्षांचा पूर बघायची शक्यता शंभरात सत्तर. आम्ही तर 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत बघितले. शेवटच्या दोन सालांत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी थेट पुणे-बेंगळुरू हायवेवर आलं होतं.

बेळगावातली मंडळी म्हणतील आम्हांला नदीच कुठं आहे. बळ्ळारी नाला आहे की! येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातल्या भातवाल्यांना विचारा. नाल्यात गाळ, जलपर्णी, काठाला भराव, की पाणी भातात पसरतं आणि दिवसेंदिवस हटत नाही. पूर यायला मोठी नदी लागत नाही, पाणी पसरायची जागा अडवली की पुरे.

जागा आधीच घेऊन बसला असाल तर? पहिली गोष्ट, भराव टाकून फक्त आपला प्लॉट उचलू नका. तुमचं पाणी शेजाऱ्याकडं जातं आणि भांडण कोर्टात. जोतं उचला किंवा खांबावर घर घ्या, खाली मोकळं ठेवा, पाणी आलं तसं जाऊ द्या. विजेचा मीटर आणि बटणं खुणेच्या वर. माळा भक्कम करा आणि त्यावर जायला बाहेरून जिना ठेवा. संडासाचा शोषखड्डा लवणात काढू नका, पुरात तो उलटा येतो, ते मी बघितलंय, वर्णन करत नाही. रस्ता मातीचा बांध घालून उंच केला असेल तर खालून पाणी जायला मोऱ्या पुरेशा आहेत का ते ग्रामसभेत विचारा. बिनमोरीचा रस्ता म्हणजे धरणच. काठाला वाळा, बांबू, करंज, निरगुडी राहू द्या, मुळं कड धरून ठेवतात.

आणि आमच्या धंद्याचं पापही सांगतो. मळीची माती काढून काढून आम्ही वाडग्यासारखे खड्डे केले. तिथं पूर उतरल्यावरही पाणी थांबतं, पीक येत नाही. आता मी दोन फुटांच्या खाली माती काढत नाही आणि वरची काळी बाजूला ठेवून शेवटी परत पसरतो. सगळे वीटवाले असं करतात असं मात्र समजू नका.

रान म्हणून ही जमीन वाईट नाही, उलट हिच्यासारखी दुसरी नाही. पूर उतरला की बोटभर नवा पोयटा टाकून जातो, विहिरींना झरे लागतात, आणि इथं पसरलेलं पाणी खालच्या गावाला तेवढं सावकाश पोचतं. तिथं रब्बीचा शाळू, हरभरा घ्या, वैरण घ्या. ऊस लावायचा तर शेंडा बुडाला की गेला हे धरून लावा. फक्त झोपायला तिथं जाऊ नका.

पावसाळ्यात बातम्या ऐकायच्या त्याही आपल्या नदीच्या. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घबराट. पण ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जातं. दूधगंगेकाठच्यांनी काळम्मावाडीचा विसर्ग बघायचा, वेदगंगेकाठच्यांनी पाटगावचा, घटप्रभेकाठच्यांनी हिडकलचा. मात्र कृष्णा तुंबली की दूधगंगेचं पाणी पुढं सरत नाही, फुगवटा मागं येतो. इकडं ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. म्हणून कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा आकडाही ऐका. हिशेब सोपा आहे, एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) दिवसभर वाहिलं की साडेआठ टीएमसीहून (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) जास्त पाणी झालं. काळम्मावाडीचं अख्खं धरण सुमारे 25 टीएमसीचं, त्यावरून अंदाज घ्या. कुठला बंधारा कधी बुडाला ते वहीत लिहा. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर. दोन-तीन पावसाळ्यांत कळतं, अमका बुडाल्यावर आपल्या ओढ्यात पाणी किती वेळानं उलटतं. माझ्या वहीसारखी वही मला अजून कुठल्या कचेरीत दिसलेली नाही.

कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो का, यावर चहाच्या गाड्यावर भांडायचं असेल तर भांडा. उंची 519.60 मीटर राहावी की 524.256 व्हावी, हा दोन राज्यांचा वाद, आणि तो लहान नाही. पण माझं घर ओढ्यानं बुडवलं, आणि ओढ्याकडं पाठ मी केली होती.

तर भाच्याच्या प्लॉटवर आम्ही चर मारला. फूटभर मुरूम निघाला, तो नवा, बाहेरून आणून टाकलेला, रोलर फिरवलेला. त्याखाली काळी चिकण माती. भाच्यानं स्वतः वळी केली, बांगडी झाली. तीन फुटांवर शाम्पूची पुडी सापडली, रंग अजून ताजा. नळीनं मोजलं तर 2019 च्या खुणेखाली सहा फूट. तो काहीच बोलला नाही, हात धुवायला गेला.

एजंट पांढरे बूट घालून बाजूला उभा होता. त्यानं चरात वाकून बघितलं, घड्याळ बघितलं आणि मला म्हणाला, "मामा, तेवढा खड्डा बुजवून जावा. चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार हाय."